आपत्तीनंतर खचलेल्या मनाची उभारणी

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बांधव यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू

वाहून गेलेला बांध पुन्हा कसा घालावा, शेतात साचलेले पाणी चर काढून कसे बाहेर काढावे, पेरणीपूर्वी बियाण्यावर कोणती प्रक्रिया करावी, हे विषय कार्यकर्त्यांच्या नेहमीच्या अभ्यासातले आहेत. प्रस्तुत पाठाचा विषय त्यांहून निराळा, परंतु त्यांच्याशी निगडित आहे. शेती जशी जमीन, पाणी, बी व जनावरे यांवर अवलंबून असते, तशीच ती कसणाऱ्याच्या मनावरही अवलंबून असते. मोठ्या आपत्तीने जमीन खरवडून जाते, त्याचप्रमाणे माणसाचे मनही खरवडून निघते. जमिनीचे नुकसान पंचनाम्यात लिहिले जाते. मनाच्या नुकसानीसाठी त्या कागदावर रकाना नसतो. म्हणून ते नुकसान ओळखणे व ते भरून येण्यास हातभार लावणे ही जबाबदारी कागदाने नव्हे, तर कार्यकर्त्याने उचलावयाची असते.

हा विषय येथे मांडण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने व पुराने आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोठी हानी झाली. त्या दिवसांत नुकसानीची पाहणी करीत असता मी नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर गेलो. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, खरवडून गेलेल्या मातीची खोली, असे प्रश्न मी क्रमाने विचारले. त्या गृहस्थांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अगदी नीट दिले. मी वही मिटून निघालो, तेव्हा त्यांचे शेजारी मला वाटेपर्यंत पोहोचवावयास आले आणि म्हणाले, "साहेब, यांची बैलजोडी दावणीलाच बुडाली. संध्याकाळी यांनीच बांधली होती. तेव्हापासून हे जेवत नाहीत." मी अर्धा तास त्यांच्यासमोर उभा होतो. मातीची खोली विचारली, परंतु माणसाची विचारपूस केली नाही. या चुकीतून जे शिकलो, तेच या पाठात मांडले आहे.

आपल्या जिल्ह्याचा जुना अनुभव

असा प्रसंग आपल्या भागावर प्रथमच आलेला नाही. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी परतले होते व गाढ झोपेत होते. औसा तालुक्यातील किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव यांसारखी गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. हजारो जनावरे दगावली.

प्राणहानी एवढी मोठी होण्याचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ती माळवदाची घरे होती. उन्हाळ्यात थंड राहणारे हेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यानेच घात केला, ही गोष्ट वाचलेल्यांच्या मनाला फार लागली. त्यानंतर कित्येक महिने अनेक कुटुंबे छताखाली झोपावयास धजत नव्हती. शेतावर राखणीला गेले म्हणून जे वाचले, त्यांना "मी घरी असतो तर" या विचाराने पुढे कित्येक वर्षे ग्रासले. भूकंपापाठोपाठ पाऊस आला. असंख्य मृतांचे सामुदायिक दहन करावे लागले. आपल्या माणसाचे अंत्यदर्शन व उत्तरकार्य रीतीप्रमाणे करता आले नाही, हे शल्य अनेक घरांत राहून गेले. किल्लारी येथे दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. दुःखाला ठरलेला दिवस व ठरलेली जागा मिळाली, तर वर्षाचे उरलेले दिवस जगणे थोडे सुकर होते.

ढोकीपासून तो भाग फार दूर नाही. आपल्याकडील वृद्धांना त्या पहाटेचा हादरा आजही आठवतो. तरुण कार्यकर्त्यांनी, ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता त्यांनी विशेषतः, अशा वडीलधाऱ्यांजवळ बसून तो अनुभव ऐकावा. आपत्तीतून माणूस कसा सावरतो, याचे ज्ञान याच जिल्ह्यातील घरांतून उपलब्ध आहे.

मनावर होणारे परिणाम

आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांत व आठवड्यांत पुढील लक्षणे बहुतेकांत थोड्याफार प्रमाणात आढळतात.

१) झोप न लागणे, दचकून जागे होणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे.

२) किरकोळ आवाजाने धडकी भरणे. भूकंपग्रस्ताला जड वाहनाच्या धडधडीने, तर पूरग्रस्ताला पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाने असे होते.

३) भूक मंदावणे, छातीत धडधडणे, अंग दुखणे, कामात लक्ष न लागणे.

४) रडू न येणे. असा माणस वरून शांत दिसतो, सर्व प्रश्नांची उत्तरे देतो. त्यामुळे त्याला काही झालेले नाही असा गैरसमज होतो.

५) स्वतःला दोष देणे. "दावे सोडले असते तर", "मुलाला मामाकडे ठेवले असते तर", असे विचार मनात घोळत राहणे.

६) चिडचिड, घरात भांडणे, नशिबावर, शेजाऱ्यावर किंवा शासनावर राग.

ही लक्षणे म्हणजे वेड नव्हे, की दुबळेपणाही नव्हे. मोठ्या आघाताला मनाने दिलेले ते स्वाभाविक उत्तर होय. पाण्याखाली राहिलेले पीक पिवळे पडते, परंतु मूळ शाबूत असेल व पाण्याचा निचरा झाला, तर त्यातील बरेच पुन्हा हिरवे होते. बहुसंख्य माणसांचेही तसेच आहे. सुरक्षित निवारा, आपली माणसे, पोटाला अन्न आणि हाताला काम मिळाले, तर बहुतेक जण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरू लागतात. थोड्यांना मात्र वैद्यकीय मदतीची गरज लागते. ती कोणाला लागते, याचा विचार पुढे केला आहे.

लहान मुलांची लक्षणे निराळी असतात. ती पुन्हा अंथरुण ओले करू लागतात, आईला सोडत नाहीत, घर पडण्याचा किंवा पूर येण्याचा खेळ खेळतात. या खेळाबद्दल त्यांना रागावू नये. मनातील भीती बाहेर टाकण्याची त्यांची ती रीत असते. शाळा लवकर सुरू होणे हे त्यांच्यासाठी औषधासमान आहे.

भूकंपग्रस्त गावांनी दिलेले तीन धडे

पहिला धडा शेजाराचा. भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला व सुमारे ५२ गावे नव्या जागी वसविली. नवी घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले. परंतु अनेक ठिकाणी घरे दूरदूर गेली आणि जुने वाडे, बोळ व ओटे नाहीसे झाले. पूर्वी ओट्यावर बसल्या बसल्या शेजारणीची चाहूल लागत असे. नव्या वसाहतीत तिच्याकडे मुद्दाम जावे लागू लागले. घर मिळाले, पण शेजार तुटला, ही खंत अनेकांनी बोलून दाखविली. यावरून कार्यकर्त्याने हे ध्यानी घ्यावे की, तात्पुरते निवारे उभारतानाही एका गल्लीतील कुटुंबे शक्य तोवर एकत्र ठेवावीत. दुःखी माणसाला नव्या ओळखींपेक्षा जुन्या शेजाराचा आधार मोठा वाटतो.

दुसरा धडा पैशाचा. आपत्तीनंतर मिळणारी मदत आवश्यकच असते. परंतु घरातील कर्ता माणूस रिकामा आहे, मन अस्वस्थ आहे आणि हाती रोख रक्कम आहे, अशा वेळी दारूचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. दारूने झोप आल्यासारखे वाटते, पण ती झोप विश्रांती देत नाही, आणि दुःख दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन उभे राहते. मदतीची रक्कम घरातील स्त्रीच्या संमतीने व आधी ठरविलेल्या कामासाठीच खर्च करावी, हा नियम प्रत्येक कुटुंबाने पाळणे हिताचे आहे.

तिसरा धडा कामाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भूकंपानंतर ज्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते, त्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून सहभागी करून घेण्यात आले. शासनाची योजना घरोघरी समजावून सांगणे, बांधकाम नीट होते की नाही यावर लक्ष ठेवणे, अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडणे, ही कामे त्या करू लागल्या. कालपर्यंत ज्या स्वतः मदतीची वाट पाहत होत्या, त्याच गावाच्या कारभारात बोलू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातील अशा स्त्रिया तेथील भगिनींना धीर व अनुभव देण्यासाठी गेल्या. आपत्तीत सापडलेला माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागला, म्हणजे त्याच्या मनाची उभारणी सुरू झाली असे समजावे.

या तीन धड्यांचे सार एकच आहे. माणसाला घर बांधून देता येते, मन बांधून देता येत नाही. ते आपल्या माणसांच्या सोबतीने व स्वतःच्या हातच्या कामाने ज्याचे त्यानेच उभे करावयाचे असते. कार्यकर्त्याने ती सोबत टिकवावी व ते काम त्याच्या हाती परत द्यावे.

कार्यकर्त्याने काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन पावले सांगितली आहेत. ती आपल्या खेड्यांतही सहज उपयोगात आणता येतात.

पाहा. गावात शिरल्यावर प्रथम कोण एकटा बसला आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणते मूल गप्प आहे, कोणत्या गोठ्यात दावण रिकामी आहे, हे पाहावे. ज्यांची माणसे वा जनावरे गेली त्यांची नावे शेजाऱ्यांकडून आधीच समजून घ्यावीत.

ऐका. उभ्याने बोलू नये. ओसरीवर, बांधावर, जेथे तो बसला असेल तेथे खाली बसावे. वही पिशवीत ठेवावी. पहिला प्रश्न नुकसानीचा नसावा. "जेवण झाले का, काका?", "घरची सारी कशी आहेत?", "रात्री कुठे निजलात?" असे साधे प्रश्न पुरेत. तो बोलला तर मध्येच न तोडता ऐकावे. तो गप्प राहिला तर आपणही थोडा वेळ गप्प बसावे. प्रसंगाची हकीकत खोदून खोदून विचारू नये. बळजबरीने बोलते करण्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो.

जोडा. त्याची निकड ज्या ठिकाणी भागेल त्या ठिकाणाशी त्याला जोडून द्यावे. रेशन, चारा, पशुवैद्य, शाळा, आरोग्य उपकेंद्र, बँक, परगावचे नातेवाईक, यांपैकी जे हवे ते पाहावे. "करू, बघू" असे मोघम आश्वासन देऊ नये. जे आपल्या हाती आहे तेवढेच सांगावे, दिवस ठरवून सांगावे आणि त्या दिवशी जावे. आपत्तीने ज्याचा सर्व गोष्टींवरील विश्वास उडालेला असतो, त्याला दिलेल्या दिवशी परत आलेला माणूस हाच मोठा आधार वाटतो.

कार्यकर्त्याने काय टाळावे

"जे झाले ते विसरून जा", "तुमचे तर बरे, शेजाऱ्याचे याहून जास्त गेले", "देवाची इच्छा", "पुरुषासारखा पुरुष, रडता काय", ही वाक्ये सद्‌हेतूने उच्चारली जातात, पण ती ऐकणाऱ्याचे तोंड बंद करतात. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाने मोजू नये. जनावर गेल्याचे दुःख माणसापेक्षा कमी, असेही मनात आणू नये. ज्या बैलाला पोळ्याला ओवाळले व ज्याच्या बळावर दहा वर्षे पेरणी केली, तो केवळ नुकसानीच्या यादीतील एक नग नसतो. दुःखी माणसाची छायाचित्रे घेऊ नयेत. तसेच खोटी माहिती व अफवा यांचे निरसन तत्काळ करावे. भूकंपानंतरच्या धक्क्यांविषयी किंवा धरण फुटल्याविषयीच्या अफवांनी लोकांची झोप पुन्हा उडते.

शेतीचे काम हाच मनाचा आधार

आपल्या भागात खरिपाची हानी झाली, तरी रब्बीचा हंगाम पुढे असतो. १९९३ चा भूकंप व २०२५ चा पूर, दोन्ही सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे रब्बीच्या तोंडावर आले. रब्बी ज्वारीच्या पेरणीची योग्य वेळ सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध ही होय. जमिनीला वाफसा लवकर आला नाही, तर हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरमध्ये व पाण्याची सोय असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतही करता येते. हंगाम कोणासाठी थांबत नाही हे खरे. तथापि खचलेल्या शेतकऱ्याला एकदम चार एकर पेरण्याचा आग्रह करू नये. त्याने पुढीलप्रमाणे लहान कामापासून सुरुवात करावी.

पहिल्या दिवशी केवळ शेतावर जाऊन यावे, तेही सोबतीने. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यातील गाळ किंवा दगडगोटे वेचावेत. पुढे जी पट्टी शाबूत आहे तीच प्रथम तयार करावी. बीजप्रक्रिया हे घरच्या ओसरीवर बसून सर्वांनी मिळून करण्याचे काम आहे. हरभऱ्याच्या बियाण्यास आधी ट्रायकोडर्मा व नंतर रायझोबियमचे संवर्धन चोळून ते सावलीत सुकविताना घरातील म्हातारी माणसे व मुलेही हात लावू शकतात. ज्याच्याकडे बैल उरले नाहीत त्याच्यासाठी गावाने सावड करावी. आज याच्या शेतात तर उद्या त्याच्या, ही आपली जुनी रीत आहे. सावडीत औत मिळते, आणि चार माणसांबरोबर बांधावर बसून भाकरीही पोटात जाते.

घरातील दिनक्रमही असाच लहान पावलांनी पूर्ववत करावा. ठरलेल्या वेळी उठणे, आंघोळ, जेवण, दिवेलागण, शक्य असेल तेथे भजन किंवा पारावरची बैठक, या गोष्टी किरकोळ दिसल्या तरी त्यांनीच दिवसाला आकार येतो. स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे. घरातील सर्वांचे सांत्वन त्या करतात, परंतु त्यांचे सांत्वन करावयास कोणी नसते. बचत गटाची बैठक लवकर सुरू करणे हा त्यावरील चांगला उपाय आहे.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास केवळ धीर देऊन थांबू नये: महिना उलटला तरी झोप व भूक न सुधारणे, माणसांत येणे पूर्ण बंद होणे, दारू वाढणे, "मी असून उपयोग काय" अशी भाषा, देणीघेणी किंवा आवडत्या वस्तू अचानक निकालात काढणे. अशा वेळी "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे व सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरचे ओझे बोलून दाखविण्यास वाट मिळते.

उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातील व शेतातील कीटकनाशके ताबडतोब त्याच्या हाती लागणार नाहीत अशी कुलूपबंद करावीत किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत. ही साधी खबरदारी प्राण वाचविते, कारण आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा थोड्या काळाची असते. त्यानंतर आशा सेविकेच्या साहाय्याने प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे त्याला स्वतः सोबत नेऊन पोहोचवावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. मनाच्या आजारावर औषध घेणे यात कमीपणा नाही. तापाला औषध घेतो तसेच ते होय.

कार्यकर्त्याने स्वतःलाही जपावे. रोज दहा घरांचे दुःख ऐकणाऱ्याचे मनही थकते. सहकाऱ्याशी बोलावे, वेळेवर जेवावे, आठवड्यातून एक दिवस घरी जावे.

समारोप

ज्या शेतकऱ्याचा उल्लेख आरंभी केला, त्यांच्याकडे मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी वही नेली नव्हती. रिकाम्या दावणीजवळ आम्ही दोघे बराच वेळ बसलो. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "गाठ मीच पक्की मारली होती, साहेब." मी म्हणालो, "चोरापासून जपायचे म्हणून मारलीत, काका. पाणी येणार हे कोणाला ठाऊक होते?" त्यावर ते बोलले नाहीत, पण प्रथमच रडले. घरातून चहा आला, तो दोघांनी घेतला. निघताना त्यांनी विचारले, "वरच्या पट्टीत हरभरा येईल का?" मी येईल म्हणालो. पेरणीला शेजाऱ्यांचे बैल आले. त्यांचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. मात्र ती पट्टी पेरली गेली, आणि पेरणाऱ्याने त्या दिवशी चार माणसांबरोबर भाकरी खाल्ली.

पंचनाम्याच्या कागदावर हे लिहावयास जागा नाही. तरीही पुढील वेळी बांधावर जाताना प्रत्येकाने पहिला प्रश्न माणसाविषयी विचारावा आणि मग वही उघडावी.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावात १९९३ चा भूकंप अनुभवलेल्या व्यक्ती कोणत्या? त्यांना सावरण्यास कशाचा आधार झाला, हे त्यांच्याकडून समजून घ्या.

२) वरून शांत दिसणारा आपत्तीग्रस्त खरोखर सावरला आहे की नाही, हे कशावरून ओळखाल?

३) बैल गमावलेल्या कुटुंबासाठी आपल्या गावात सावड कशी उभी करता येईल? कोणी पुढाकार घ्यावा?

४) आपल्या गावात कीटकनाशके कोठे व कशी ठेवली जातात? ती सुरक्षित ठेवण्यासाठी काय करता येईल?